अँटीव्हायरस ड्रायव्हर बसू देत नाही तेव्हा: टोकन आणि अंगठ्याच्या मशीनसाठी क्रमवार कृती

"टोकन लावलं, सेटअप अर्ध्यावर थांबला. अँटीव्हायरसच काढून टाकला, परत सेटअप चालवला, तरी तेच." सेवा केंद्र चालवणारे, कर सल्लागारांच्या ऑफिसातली मुलं, निविदा भरणारे ठेकेदार यांचे असे फोन मला सतत येतात. चूक बहुतेक वेळा एकच असते. पहिल्या प्रयत्नात अँटीव्हायरसने एखादी फाइल उचलून क्वारंटाइनमध्ये, म्हणजे त्याच्या कोंडवाड्यात, टाकलेली असते आणि बाकीच्या फाइली बसलेल्या असतात. आता अँटीव्हायरस काढला म्हणून ती फाइल आपोआप जागेवर येत नाही. दुसऱ्यांदा चालवलेल्या सेटअपला वाटतं की सगळं आधीच बसलेलं आहे, आणि तो ती जागा ओलांडून पुढे जातो. मग दिवसभर तोच सेटअप पुन्हा पुन्हा चालवला जातो.

म्हणून खालचा क्रम मोडू नका. कोणी अडवलं ते शोधायचं, अडवणं बरोबर होतं का ते तपासायचं, अर्धवट बसलेलं साफ करायचं, मग एकच दार थोड्या वेळापुरतं उघडायचं आणि काम झालं की ते बंद करायचं. लेख विंडोज १० आणि ११ साठी आहे. उदाहरणं डिजिटल सहीचं टोकन (सही साठवलेलं, पेनड्राइव्हसारखं दिसणारं उपकरण) आणि आधारचं अंगठ्याचं मशीन यांची घेतली आहेत, कारण सगळ्यात जास्त अडतं ते तिथेच. प्रिंटर, स्कॅनर किंवा वजनकाट्याची केबल असली तरी क्रम हाच.

## टप्पा १: हात लावण्याआधीची तयारी

उपकरण कॉम्प्युटरमधून काढून ठेवा. ड्रायव्हर, म्हणजे उपकरण विंडोजला ओळखू देणारा प्रोग्रॅम, बसायच्या आधीच ते लावलं, तर विंडोज स्वतःच्या साठ्यातला जवळपासचा ड्रायव्हर त्याला जोडून टाकतं आणि गुंता वाढतो.

उपकरणाच्या मागे छापलेला मॉडेल नंबर लिहून घ्या. सेटिंग्ज, सिस्टीम, अबाउट या क्रमाने जाऊन विंडोज ६४ बिट आहे की ३२, आणि प्रोसेसर कोणता, तेही बघा. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरच्या लॅपटॉपवर नेहमीची बरीच सॉफ्टवेअरं चालतात, पण ड्रायव्हर मात्र एआरएमसाठी (प्रोसेसरच्या त्या जातीसाठी) वेगळाच लागतो. तो कंपनीने काढलेलाच नसेल तर पुढचे टप्पे करण्यात अर्थ नाही.

सेटअपची फाइल उपकरण बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या. टोकनच्या बाबतीत, ज्यांनी सही दिली त्या प्रमाणन संस्थेच्या साइटवरही ती असते. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरणारी पासवर्ड लावलेली झिप घेऊ नका. अशा झिपमध्ये अँटीव्हायरसला आत बघता येत नाही, आणि पासवर्ड लावण्यामागे अनेकदा तोच हेतू असतो. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर' म्हणणारी सॉफ्टवेअरंही नकोत.

अ‍ॅडमिन खात्याचा पासवर्ड हाताशी ठेवा. रिस्टोअर पॉइंट तयार करा, म्हणजे काही बिघडलं तर विंडोज आधीच्या स्थितीत नेता येईल. पुष्कळ मशीनवर त्यासाठी लागणारं सिस्टीम प्रोटेक्शन मुळात बंदच असतं, त्यामुळे आधी ते सी ड्राइव्हसाठी चालू करावं लागेल.

मशीन कंपनीचं किंवा सरकारी कार्यालयाचं असेल आणि सेटिंगमध्ये 'युवर ऑर्गनायझेशन'चा उल्लेख दिसत असेल, तर इथेच थांबून आयटी विभागाला सांगा. तिथे धोरण वरून लावलेलं असतं. तुम्ही काहीही बदललं तरी ते परत पहिल्यासारखं होतं.

सावध: टोकनच्या सॉफ्टवेअरमध्ये 'इनिशियलाइज' किंवा 'फॉरमॅट' असं बटण असतं. ड्रायव्हरच्या अडचणीवर तो उपाय नाही. ते दाबलं की टोकनमधली सही कायमची पुसली जाते. तिची प्रत कुठेही नसते, नवीन सही काढावी लागते. निविदेच्या शेवटच्या दिवशी, संध्याकाळी, एका माणसाने घाईत हे बटण दाबलेलं मी पाहिलं आहे. त्याला मदत करायला माझ्याकडे काहीही नव्हतं. पिनसुद्धा अंदाजाने टाकत बसू नका. ठरावीक चुकांनंतर टोकन लॉक होतं.

## टप्पा २: नेमकं कोणी अडवलं?

दोष अँटीव्हायरसचाच आहे असं धरून चालू नका. एका विंडोज मशीनवर किमान चार पहारेकरी असू शकतात: बाहेरून घेतलेला अँटीव्हायरस, विंडोजचा स्वतःचा डिफेंडर, डाउनलोड केलेल्या फाइलींवर नजर ठेवणारं स्मार्टस्क्रीन, आणि ड्रायव्हर मेमरीत चढताना त्याची सही (तुमची टोकनमधली नव्हे, फाइल खरी असल्याची डिजिटल मोहर) तपासणारं खुद्द विंडोज. प्रत्येकाच्या खुणा वेगळ्या जागी सापडतात.

घड्याळातली वेळ लिहा आणि सेटअप एकदाच चालवा. अडला की लगेच पुढच्या जागा बघा.

अँटीव्हायरसमध्ये 'रिपोर्ट्स' आणि 'क्वारंटाइन' उघडा. त्या वेळेची नोंद असेल तर फाइलचं पूर्ण नाव आणि धोक्याला दिलेलं नाव, दोन्ही लिहून घ्या.

विंडोज सिक्युरिटीमध्ये 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' उघडून 'प्रोटेक्शन हिस्टरी' बघा. डिफेंडरने अडवलं असेल तर नोंद तिथे असते.

'विंडोज प्रोटेक्टेड युवर पीसी' अशी निळी खिडकी आली असेल तर ते स्मार्टस्क्रीन. फाइलमध्ये विषाणू सापडला असा त्याचा अर्थ नाही. ही फाइल फारशी कोणी उतरवलेली नाही, एवढंच ते सांगतं.

आता उपकरण लावा आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह असलेल्या ओळीवर डबल क्लिक करून कोड वाचा. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर बसलेलाच नाही. कोड १० म्हणजे ड्रायव्हर आहे, पण उपकरण सुरू होत नाही. कोड ३९ म्हणजे ड्रायव्हरची फाइल खराब आहे, गायब आहे किंवा विंडोज ती चढवू देत नाही. कोड ५२ म्हणजे ड्रायव्हरची डिजिटल सही विंडोजला पटलेली नाही. कोड ४८ म्हणजे हा ड्रायव्हर विंडोजने अडचणीचा म्हणून मुद्दाम रोखला आहे. ५२ आणि ४८ या दोन्हींत अँटीव्हायरसशी भांडून उपयोग नाही, थेट टप्पा ८ वर जा.

एवढ्यानेही उलगडा झाला नाही तर सी ड्राइव्ह, विंडोज, आयएनएफ असं जाऊन 'सेटअपएपीआय'ने सुरू होणारी आणि नावात 'डेव्ह' असलेली लॉग फाइल नोटपॅडमध्ये उघडा. शेवटून वर या. ज्या ओळीच्या सुरुवातीला तीन उद्गारचिन्हं आहेत, तिथे चूक झालेली आहे. 'फाइल सापडत नाही' असा अर्थ निघत असेल तर ती बहुधा अँटीव्हायरसने उचलली. 'अ‍ॅक्सेस डिनाइड' असेल तर कोणीतरी लिहू दिलं नाही. सही किंवा कॅटलॉग असा उल्लेख असेल तर अडचण ड्रायव्हरच्या सहीत आहे. या फाइलकडे जवळजवळ कोणी बघत नाही, आणि मला अर्धी उत्तरं तिथेच मिळतात.

तपासणी: कोणी अडवलं, कोणती फाइल अडवली आणि कोड काय, या तिन्हींची उत्तरं कागदावर आल्याशिवाय पुढे जाऊ नका. एकाही पहारेकऱ्याकडे नोंद नसेल तर केबल, यूएसबी पोर्ट आणि चुकीचं मॉडेल यांचा विचार आधी करा. यूएसबी ते सिरीयल केबलमध्ये जुनी किंवा नकली पीएल-२३०३ चिप असेल, तर नवीन ड्रायव्हर तिला मुद्दाम नाकारतो आणि कोड १० येतो. लोक तिथेही अँटीव्हायरसच काढत बसतात.

## टप्पा ३: अडवणं बरोबर होतं का?

हा टप्पा गाळला जातो, आणि सगळ्यात जास्त नुकसान यामुळेच होतं. ड्रायव्हर बहुधा विंडोजच्या गाभ्यात चालतो. एकदा आत गेला की अँटीव्हायरसलाही गप्प करायची ताकद त्याच्याकडे येते. ज्या मशीनवरून लोकांचे आधार क्रमांक आणि बँकेचे व्यवहार जातात, तिथे हा निर्णय पाच मिनिटं देऊनच घ्यायला हवा.

सेटअपवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीजमध्ये जा, 'डिजिटल सिग्नेचर्स' हा टॅब बघा. तिथे उपकरणाच्या कंपनीचं नाव हवं, आणि 'डिटेल्स' दाबल्यावर सही वैध असल्याचं दिसायला हवं. टॅबच नसेल तर फाइलवर सहीच नाही. सही आहे पण ती बिघडल्याचं दिसत असेल, तर फाइलमध्ये कोणीतरी बदल केलाय किंवा ती अर्धवट उतरली आहे. ती टाकून द्या आणि पुन्हा उतरवा.

मग तीच फाइल व्हायरस-टोटलवर (अनेक अँटीव्हायरस इंजिनांकडून फाइल तपासून देणारी साइट) टाकून बघा. सत्तरच्या आसपास इंजिनांपैकी एकदोन अनोळखी इंजिनांनीच शंका घेतली असेल तर तो बहुधा खोटा इशारा. तीनचार नावाजलेल्या इंजिनांनी एकाच प्रकारचं नाव दिलं असेल तर थांबा. तिथे चढवलेली फाइल इतरांनाही मिळू शकते, त्यामुळे ग्राहकाची कागदपत्रं चुकूनही चढवू नका.

धोक्याचं नावही वाचा. ट्रोजन किंवा स्टीलर असं काही असेल तर विषय संपला. 'व्हल्नरेबल ड्रायव्हर' असेल तर ड्रायव्हर खरा आहे, पण त्यात भोक आहे. पंख्यांचा वेग आणि दिवे सांभाळणारी कित्येक सॉफ्टवेअरं विनरिंग-झिरो नावाचा ड्रायव्हर वापरत आली. २०२५ साली डिफेंडर तो पकडू लागला तेव्हा लोकांना वाटलं डिफेंडर चुकतोय. भोक खरंच होतं. अशा ड्रायव्हरला सूट (अँटीव्हायरसने तपासू नये अशी परवानगी) देऊ नका, त्याची नवी आवृत्ती शोधा.

## टप्पा ४: अर्धवट बसलेलं साफ करा

१. सेटिंग्जमधल्या अ‍ॅप्सच्या यादीतून त्या उपकरणाचं सॉफ्टवेअर काढा. दोन आवृत्त्या दिसल्या तर दोन्ही काढा.

२. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'व्ह्यू'मधून 'शो हिडन डिव्हायसेस' निवडा. आता त्या उपकरणाच्या फिकट रंगातल्या जुन्या नोंदीही दिसतील. प्रत्येकीवर राइट क्लिक करून अनइन्स्टॉल करा आणि ड्रायव्हरही काढण्याच्या चौकोनात टिक करा. टिक केली नाही तर तोच बिघडलेला ड्रायव्हर पुन्हा लागतो.

३. उपकरण काढा आणि मशीन रीस्टार्ट करा.

सावध: 'शट डाउन' करून परत चालू करणं म्हणजे रीस्टार्ट नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये विंडोजचा गाभा झोपवून ठेवला जातो आणि पुन्हा तसाच उठवला जातो. मेमरीतला जुना ड्रायव्हरही त्याच्याबरोबर उठतो. मेन्यूमधलं 'रीस्टार्ट'च दाबा.

## टप्पा ५: एकच दार, थोड्या वेळापुरतं

इंटरनेट आधी बंद करा. वाय-फाय तोडा किंवा केबल काढा. सेटअपला मध्येच नेट लागत असेल तर त्याची पूर्ण, ऑफलाइन आवृत्ती आधीच उतरवून ठेवा. बाहेरचा अँटीव्हायरस थांबवला म्हणून त्याची जागा डिफेंडर लगेच घेईलच असं नाही. त्या दहा मिनिटांत मशीन उघडं असतं.

बाहेरचा अँटीव्हायरस असेल तर त्याला संपूर्ण बंद करू नका. टप्पा २ मध्ये ज्या भागाची नोंद सापडली तोच भाग थांबवा: फाइलींवरचा पहारा, वर्तनावरचा पहारा किंवा डिव्हाइस कंट्रोल (जोडलेल्या उपकरणांवरचा पहारा). पंधरा मिनिटं असा पर्याय बहुतेकांत असतो, तो घ्या. पण सेटअप मध्येच रीस्टार्ट मागणारा असेल तर 'रीस्टार्ट होईपर्यंत' हा पर्याय घेऊ नका. मशीन उठताच पहारा परत चालू होतो आणि सेटअपचा दुसरा भाग अडतो. अशा वेळी एक तासाचा पर्याय निवडा.

डिफेंडर असेल तर 'रिअल-टाइम प्रोटेक्शन' बंद करा. थोड्या वेळाने ते आपोआप परत चालू होतं, ते चांगलंच आहे. 'टॅम्पर प्रोटेक्शन'ला हात लावू नका. ते इतर प्रोग्रॅमना सेटिंग बदलू देत नाही, तुम्ही स्वतः खिडकीतून केलेला बदल ते अडवत नाही.

पुष्कळजण म्हणतात, "फोल्डरला सूट दिली तरी चाललं नाही." ते खरं आहे. तुम्ही सूट डाउनलोडच्या फोल्डरला देता, पण सेटअप फाइली टेंप, म्हणजे तात्पुरत्या फाइलींच्या, फोल्डरमध्ये उलगडतो आणि शेवटी त्या सिस्टीमच्या ड्रायव्हर फोल्डरात ठेवतो. त्या दोन्ही जागांवर पहारा कायम असतो. म्हणून टेंपला किंवा अख्ख्या सी ड्राइव्हला सूट देऊन टाकायची, ही सगळ्यात धोक्याची चूक. पहिल्या झटक्यात विषाणूही टेंपमध्येच उतरतात. त्यापेक्षा पंधरा मिनिटं थांबवणं केव्हाही बरं.

स्मार्टस्क्रीनसाठी काहीही बंद करायची गरज नाही. झिप उलगडण्याच्या आधी तिच्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये खाली 'अनब्लॉक'वर टिक करा. उलगडल्यानंतर केलं तर आतल्या प्रत्येक फाइलवर तोच शिक्का राहतो. विंडोज ११ मध्ये 'स्मार्ट अ‍ॅप कंट्रोल' (अनोळखी प्रोग्रॅम रोखणारा पहारा) अडवत असेल तर ते बंद करण्याआधी पुन्हा विचार करा. अनेक आवृत्त्यांत एकदा बंद केलं की विंडोज रीसेट केल्याशिवाय ते परत चालू करता येत नाही.

आता टोकनबद्दल एक खास गोष्ट. काही टोकनं लावली की आधी सीडी ड्राइव्हसारखी दिसतात, कारण त्यांचा सेटअप त्यांच्याच पोटात असतो. अँटीव्हायरसचं डिव्हाइस कंट्रोल किंवा ऑटोरनवरचा पहारा नेमका त्या सीडीला अडवतो आणि 'टोकन मेलंय' असं वाटतं. तिथे सगळा अँटीव्हायरस थांबवायची गरज नसते. कंपनीच्या साइटवरून सेटअप वेगळा उतरवून चालवला की काम होतं.

## टप्पा ६: बसवणे

झिप पूर्ण उलगडा, तिच्या आतूनच सेटअप चालवू नका. सेटअपवर राइट क्लिक करून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' निवडा. उपकरण लावायला सेटअपने सांगितलं की मगच लावा, तेही थेट कॉम्प्युटरच्या पोर्टमध्ये, हबमध्ये नाही. मध्येच काही हलत नसेल तर विंडोजची परवानगी मागणारी खिडकी दुसऱ्या खिडकीमागे लपलेली आहे का ते बघा. पाच मिनिटं वाट बघून सेटअप मारून टाकणारे लोक त्याच खिडकीने फसलेले असतात.

झालं की रीस्टार्ट करा.

तपासणी: डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह नाही, एवढ्यावर टोकनच्या बाबतीत समाधान मानू नका. पुष्कळ टोकनं विंडोजला साधा स्मार्ट कार्ड रीडर म्हणून दिसतात, त्यामुळे त्यांचं स्वतःचं सॉफ्टवेअर नसतानाही सगळं ठीक वाटतं. टोकनचं सॉफ्टवेअर उघडा. त्यात सहीधारकाचं नाव आणि मुदत दिसली तरच काम झालं.

## टप्पा ७: दार बंद, मग नेट

पहारा चालू करा, दिलेली सूट काढा, आणि मगच नेट जोडा. बसवलेलं फोल्डर स्कॅन करा. अँटीव्हायरसने पुन्हा तीच फाइल पकडली तर सूट फक्त त्या एका फाइलला द्या, फोल्डरला नाही. ती फाइल खोटा इशारा म्हणून अँटीव्हायरसच्या कंपनीला पाठवा. त्यासाठीचा फॉर्म बहुतेकांच्या साइटवर असतो, मायक्रोसॉफ्टकडेही आहे. मान्य झालं की पुढच्या अपडेटनंतर तुमची सूटही काढून टाका.

अंगठ्याच्या मशीनला इथे एक वेगळी अडचण येते. ड्रायव्हर नीट बसतो, दिवा लागतो, पण पोर्टल म्हणतं 'डिव्हाइस नॉट रेडी'. या मशीनची आरडी सर्व्हिस (अंगठ्याचा ठसा पोर्टलपर्यंत पोचवणारा प्रोग्रॅम) कॉम्प्युटरच्या आतच ११,१०० ते ११,१२० यांपैकी एका पोर्टवर (हे केबलचं भोक नव्हे, प्रोग्रॅमनी बोलण्यासाठीचा क्रमांक) ऐकत असते आणि ब्राउझर तिच्याशी तिथे बोलतो. अँटीव्हायरसची फायरवॉल किंवा वेब-पहारा हे बोलणं तोडतो. ड्रायव्हर परत परत बसवून ते जुळणार नाही. सर्व्हिसेसच्या यादीत आरडी सर्व्हिस चालू आहे का ते बघा, आणि फायरवॉलमध्ये फक्त तिच्या प्रोग्रॅमला परवानगी द्या. टोकनने ब्राउझरमधून सही करायला लावणाऱ्या पोर्टलांचंही असंच असतं. तिथला सही करणारा छोटा प्रोग्रॅम याच पद्धतीने चालतो.

## टप्पा ८: विंडोज स्वतःच अडवत असेल तर

कोड ३९, ४८, ५२, किंवा ड्रायव्हर या मशीनवर चढवता येत नाही असा संदेश आला, तर विंडोज सिक्युरिटीमध्ये 'डिव्हाइस सिक्युरिटी' आणि पुढे 'कोअर आयसोलेशन' उघडा. मेमरी इंटेग्रिटी (गाभ्यात चढणारे ड्रायव्हर तपासणारी सोय) हिच्या खाली न जुळणाऱ्या ड्रायव्हरांची यादी असेल तर ती उघडून बघा. कित्येकदा तिथे वेगळ्याच, केव्हाच फेकून दिलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर सापडतो.

पहिला उपाय म्हणजे नवा ड्रायव्हर. तो नसेल तर व्हिडिओंमध्ये सांगतात तसं स्टार्टअप सेटिंगमधून सहीची सक्ती बंद करू नका. ती सवलत एकाच वेळेपुरती असते. पुढच्या रीस्टार्टला सक्ती परत येते आणि उपकरण कोड ५२ दाखवत बसतं. सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना सही तपासणारी सोय) बंद करायला बायोसमध्ये जाणंही नको. डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या कुलपाने, बंद असेल तर पुढच्या वेळी मशीन ४८ अंकी रिकव्हरी की मागतं, आणि ती जवळ नसेल तर आतला डेटा अडकू शकतो.

मेमरी इंटेग्रिटी बंद करून जुनं उपकरण चालवता येतं, हे खरं. सहीचं टोकन आणि बँकेचे व्यवहार असलेल्या मशीनवर मी ते करत नाही, कोणाला करूही देत नाही. नव्या ड्रायव्हरचं उपकरण घेणं महाग वाटतं, पण तिथे तोच मार्ग धरा.

## अँटीव्हायरस काढायचाच असेल तर

सगळं करूनही अडत असेल, किंवा मशीनवर दोन अँटीव्हायरस एकमेकांच्या अंगावर चालत असतील, तर एक काढावा लागतो. आधी लायसन्स की लिहून घ्या. अ‍ॅप्समधून काढल्यावर त्याचे स्वतःचे काही ड्रायव्हर मागे राहू शकतात आणि अडवत राहतात. म्हणून त्याच कंपनीचं रिमूव्हल टूल चालवा, रीस्टार्ट करा आणि डिफेंडर चालू झाला याची खात्री करा. मग टप्पा ४ पासून पुन्हा सुरू करा, टप्पा ६ पासून नाही.

कंपनीच्या मदत केंद्राला फोन करायची वेळ आली तर मॉडेल नंबर, विंडोजची आवृत्ती, डिव्हाइस मॅनेजरमधला कोड, अँटीव्हायरसने दिलेलं धोक्याचं नाव आणि ती लॉग फाइल आधीच एका ईमेलमध्ये जोडून ठेवा. ते लांबून मशीन हाताळायला मागत असतील तर टोकन काढून खिशात ठेवा, आणि त्यांनी सांगितल्यावरच लावा. पिन मात्र स्वतःच्या हाताने टाका.